नळीला तोंड लावू नका, आणि लागलंच तर लपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अक्कलकोट रस्त्याला माझं दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. यंदा ३१ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी आणि माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरांनी टाकीतलं पेट्रोल किती वेळा तोंडाने ओढलं असेल, त्याची मोजदाद नाही. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, एक झुरका, ओठाला गार लागलं की नळी पटकन कॅनमध्ये. थुंकायचं, चूळ भरायची, पुढच्या कामाला लागायचं. माझ्या उस्तादांनी मला असंच शिकवलं, मीही पुढे असंच शिकवलं. गेल्या मे महिन्यात माझा सख्खा भाचा याच कामात मरता मरता वाचला. त्यात माझ्या हातून काय काय चुकलं आणि दवाखान्यात नऊ दिवस बसून मला काय कळलं, ते आपल्या वाचकांपर्यंत जावं म्हणून हे पत्र. गणपती जवळ आलेत, त्यामुळे ते लवकर छापावं अशी विनंती आहे. कारण पुढे सांगतो.

भाचा १९ वर्षांचा. सुट्टीत दोन महिने हात चालू राहावा म्हणून बहिणीने त्याला माझ्याकडे पाठवला होता. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची मोपेड आली होती, पेट्रोलमध्ये पाणी गेलेलं, टाकी रिकामी करायची होती. पूर्वीच्या मोटारसायकलींना टाकीखाली कॉक असायचा. त्याची नळी काढली, कॉक फिरवला की पेट्रोल आपोआप खाली यायचं, तोंड लावायची वेळच यायची नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या नव्या नियमाच्या, म्हणजे बीएस-६ गाड्या आल्या, बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, पेट्रोलचा पंप टाकीच्या पोटात जाऊन बसला. कॉक राहिला नाही. म्हणजे गाड्या नव्या झाल्या आणि गॅरेजमधली पोरं उलट जास्त वेळा नळीकडे वळली. हे माझ्या धंद्याबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

सकाळचे अकरा वाजले असतील. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन आपल्याला सांगायला नको. झाकण उघडलं की टाकीतून फुस्स करून वाफ बाहेर येते अशी ती वेळ. नळी काळ्या रबराची, जुनी. तिच्यात पेट्रोल कुठवर चढलंय ते बाहेरून दिसत नाही. पहिल्या झुरक्याला काही आलं नाही. दुसरा त्याने जोरात ओढला, आणि नेमका त्याच क्षणी मी आतून ओरडलो, "झालं का रे?" "हो मामा" म्हणायला त्याने श्वास घेतला आणि घोटभर पेट्रोल तोंडात आलं. थोडं पोटात गेलं, थोडं अंगावर सांडलं, आणि थोडं श्वासाबरोबर छातीत उतरलं. माझ्या त्या एका हाकेचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

त्याला असा ठसका लागला की डोळे लाल झाले, नाकातून पाणी आलं, तोंडातून शब्द फुटेना. मी पाठीत थापट्या मारल्या. मग सगळ्यात मोठी चूक केली. म्हटलं, पोटात पेट्रोल गेलंय, बाहेर काढलं पाहिजे. त्याला मोरीपाशी नेलं, मीठपाणी पाजलं, घशात बोटं घालायला लावली. दोनदा उलटी झाली. शेजारी विड्या वळणाऱ्या अक्का आहेत, त्या मायेने धावत आल्या आणि पेलाभर दूध पाजून गेल्या. अर्ध्या तासाने खोकला थांबला. तो हसला, म्हणाला, "काय नाही मामा, ठीक आहे." तोंडाला पेट्रोलचा वास होता तेवढाच. दुपारी जेवायला बसला, भाकरी खाल्ली. मीही मनातून काढून टाकलं. ओला शर्टसुद्धा त्याच्या अंगावर तसाच वाळला. हनुवटी आणि गळ्याची कातडी नंतर भाजल्यासारखी सोलून निघाली.

संध्याकाळी सहाला अंग तापलं. उजव्या बरगडीत कळ येतेय म्हणाला. जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, काय झालं? आणि मी सांगितलं, "दोन दिवस खोकला आहे, ताप आलाय." खरं सांगितलं नाही. का? तर वयात आलेला मुलगा आणि पोटात पेट्रोल, असं ऐकलं की लोक काय समजतात ते सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांत जाईल, चौकशी होईल, बहिणीला काय तोंड दाखवू, हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं. डॉक्टरांनी तापाचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या. त्यांची काहीही चूक नाही. त्यांना आम्ही रोगच सांगितला नव्हता.

रात्री दोनला बहिणीने मला उठवलं. पोरगं गादीवर बसून श्वास घेत होतं, आडवं होता येत नव्हतं, थुंकीत रक्ताची रेघ. कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र कपाटात होतं, ते लावलं. ऑक्सिजनचा आकडा ८६ दाखवला. १०८ ला फोन केला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "पेट्रोल की रॉकेल?" मग मी सगळं सांगितलं. छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे काढला, त्यात उजव्या बाजूला खाली पांढरा डाग. तीन दिवस ऑक्सिजन लागला. त्यातली एक रात्र तर अशी गेली, की श्वासाचं मोठं मशीन लावावं लागेल म्हणून आमची सही घेऊन ठेवली होती. ती वेळ आली नाही. एकूण नऊ दिवसांनी घरी सोडलं.

पोलिसांची नोंद झाली. एमएलसी म्हणतात तिला. एक हवालदार आले, दहा मिनिटं विचारपूस केली, जबाब लिहून घेतला, भाच्याला "काळजी घे बाळा" म्हणाले आणि गेले. ज्या गोष्टीच्या धास्तीने मी आठ तास घालवले, ती एवढीच होती.

आता मला जे कळलं ते. चौथ्या दिवशी पोरगं जरा सावरलं, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पोटातलं पेट्रोल उलटीने काढूनसुद्धा असं कसं झालं? त्या म्हणाल्या, पोटातल्या घोटाने सहसा एवढं बिघडत नाही, खरा धोका फुप्फुसाला असतो, आणि उलटी करायला लावून तुम्ही तेच पेट्रोल पुन्हा घशाशी आणलंत, श्वासनळीत जायला त्याला दुसऱ्यांदा वाट करून दिलीत. मग त्यांनी विचारलं, तुमचा धंदा काय? मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, मग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. गंजलेला नट सुटत नसला की काय करता?

आम्ही त्यावर डिझेल नाहीतर रॉकेल सोडतो. पाणी जिथे वरच थांबतं, तिथे ते आट्यांमधून आपोआप आत झिरपतं, पंधरा मिनिटांत नट सुटतो. इतकं पातळ आणि पसरणारं असतं ते. त्या म्हणाल्या, फुप्फुसात ते तसंच झिरपतं. थेंब एका जागी राहत नाही, फांद्याफांद्यांतून खालपर्यंत पसरतो. खाली हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्या आतून चिकटून मिटू नयेत म्हणून त्यांना साबणाच्या फेसासारखा एक पातळ थर असतो. पेट्रोल तो थर धुऊन टाकतं. मी म्हटलं, बेअरिंगचं ग्रीस धुतल्यासारखं. त्या म्हणाल्या, अगदी तसंच. मग पिशव्या मिटतात, सुजतात, त्यांत पाणी झिरपतं, रक्तात हवा जात नाही. मोठ्या माणसालाही थोडंसंच पुरतं. लहान मुलाच्या छातीत तर एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा गेला तरी जीव धोक्यात येऊ शकतो. उजवीकडे जास्त का, तर श्वासनळीची उजवी फांदी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, त्यामुळे गिळताना चुकलेली वस्तू बहुतेक तिकडेच जाते.

आम्ही गॅरेजवाले काळ्या, घाण इंजिन ऑइलला भितो आणि पेट्रोलने हात धुतो. फुप्फुसाचा हिशोब नेमका उलटा आहे. जाड ऑइल सहज श्वासात शिरत नाही. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, थिनर, टर्पेंटाइन ही पातळ मंडळी शिरतात.

दुपारी तो ठीक दिसत होता, हसत होता, जेवला, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तेही विचारलं. उत्तर मिळालं की हा आजार असाच फसवतो. ठसका थांबतो, माणूस बरा वाटतो, आणि सूज आत वाढत राहते. ताप पहिल्या दिवशीच येतो, तो जंतूंचा असायलाच पाहिजे असं नाही, पेट्रोलने झालेल्या दाहाचाही असतो. फोटोतसुद्धा डाग कधी अर्ध्या तासात दिसतो, तर कधी उमटायला दिवस लागतो. म्हणून गुळणी छातीत गेल्याचा संशय जरी असला तरी निदान सहा तास दवाखान्यात नजरेखाली राहायचं. सहा तासांनी खोकला नाही, धाप नाही, ताप नाही आणि फोटो साफ आहे, तर घरी जाता येतं. आम्ही अकराला गेलो असतो, तर संध्याकाळी सहाला डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरच ताप आला असता.

आत गेलेलं पेट्रोल बाहेर ओढून काढणारं औषध नाही, हेही मला तिथेच कळलं. ऑक्सिजन द्यायचा, श्वासाला आधार द्यायचा आणि फुप्फुस स्वतःहून भरून येईपर्यंत थांबायचं. बहुतेक माणसं बरी होतात. काहींना आठवडे लागतात. भाच्याच्या तीन आठवड्यांनंतरच्या फोटोत डागाच्या जागी हवेची एक छोटी पोकळी दिसली, तेव्हा बहीण पुन्हा रडली. ती आपोआप भरेल असं डॉक्टर म्हणाले होते, आणि परवाच्या फोटोत ती गेलेली आहे.

म्हणून कुणाच्या बाबतीत असं झालं तर माझ्यासारखं करू नका. उलटी काढायला लावू नका. मीठपाणी, दूध, तेल, काही पाजू नका. माणसाला बसतं ठेवा, पेट्रोलने भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, जवळ काडी-विडी पेटू देऊ नका आणि १०८ बोलवा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, त्याचा फोन १८०० ११६ ११७, पैसे लागत नाहीत. आणि डॉक्टरांना खरं सांगा. काय गेलं, किती वाजता गेलं, उलटी झाली का. जमलं तर ती बाटली किंवा कॅन बरोबर न्या.

आता गणपतीचं. आपल्या सोलापूरची लेझीम बघायला बाहेरगावहून माणसं येतात. आमच्या भागातल्या मंडळाच्या पोरांचा सराव गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत रोज रात्री चालतो, आणि त्या तालावर मला काम उरकायची सवय झाली आहे. त्या सरावात दोन पोरं तोंडात रॉकेल धरून टेंभ्यावर फुंकर मारतात आणि जाळ काढतात. टाळ्या त्यांनाच जास्त मिळतात. मागच्या वर्षी मिरवणुकीत त्यातल्या एकाला असाच ठसका लागताना मी पाहिलं होतं. कुणीतरी पाणी दिलं, पाठ चोळली, आणि पाच मिनिटांत तो परत रांगेत उभा राहिला. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

तोंड रॉकेलने भरलेलं असताना श्वास नाकाने घ्यावा लागतो. समोर धूर, बाजूला ढोल, मागून ढकलाढकली. वाऱ्याची दिशा बदलली, कुणाचा धक्का लागला, हसू आलं, की घोट चुकीच्या वाटेने जातो. फुंकर मारल्यावर जी बारीक फवार हवेत राहते, तीच पुढच्या श्वासात आत ओढली जाते. युरोपात रस्त्यावर असे जाळाचे खेळ करणारे कलाकार आहेत. त्यांच्यात हा आजार इतका ओळखीचा आहे की तिथल्या डॉक्टरांनी त्याला नावच ठेवलंय, फायर-ईटर्स लंग. त्यांच्यातले बरेच जण वास नसलेलं, शुद्ध केलेलं पॅराफिन वापरतात, तरी आजार होतो. आपली पोरं कधी रॉकेल मिळालं नाही तर डिझेल घेतात, आणि पेट्रोल घेतलं तर जाळ उलटून तोंडच पेटायची भीती.

मंडळांच्या अध्यक्षांना, कार्यकर्त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. लेझीम ठेवा, दांडपट्टा ठेवा, लाठी ठेवा, झांज ठेवा. तोंडातून जाळ काढणं यंदापासून बंद करा. देवाच्या मिरवणुकीत कुणाच्या पोराची छाती जळावी, असं तुम्हालाही वाटत नसणार. आमच्या मंडळातल्या त्या दोघांना मी भाच्याचे फोटो दाखवले. एकाने लगेच ऐकलं. दुसरा अजून "काय होत नाही ओ काका" म्हणतो. त्याच्या आईला मी भेटणार आहे.

घरातल्या लहान मुलांबद्दलही दोन ओळी लिहितो. पूर्वी रेशनचं निळं रॉकेल घरोघरी असायचं आणि ते बाटलीत ठेवलेलं असायचं. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस घराघरांत गेला, रॉकेल कमी झालं. पण थिनर आणि टर्पेंटाइन अजून थंड पेयाच्या बाटल्यांत भरून जिन्याखाली पडलेलं असतं. रंगकाम झालं की उरलेलं "कामाला येईल" म्हणून ठेवायची आपली सवय. दीड-दोन वर्षांच्या लेकराला बाटली ओळखीची वाटते, आतलं ओळखू येत नाही. दवाखान्यात आमच्या शेजारच्या खाटेवर असंच एक बाळ होतं. त्याची आजी चार दिवस कुणाशी एक शब्द बोलली नाही.

माझ्या धंद्यातल्या भावांना शेवटचं सांगायचंय. रबरी फुगा दाबून पेट्रोल ओढायचा हातपंप मिळतो. मला दीडशे रुपयांना मिळाला. पंप नसेल आणि कॅन किंवा ड्रममधून काढायचं असेल, तर पारदर्शक नळी पूर्ण आत बुडवून भरू द्यायची, वरचं टोक अंगठ्याने घट्ट दाबायचं, ते टोक बाहेर काढून आतल्या पातळीच्या खाली आणायचं आणि अंगठा सोडायचा. धार आपोआप लागते. जुन्या गाडीला कॉक असेल तर तिथूनच काढायचं. कार्बोरेटरचं जेट साफ करताना आपण ते ओठात धरून फुंकतो, तेही सोडून द्या, हवेचा कॉम्प्रेसर तर आता प्रत्येकाकडे आहे. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी पोरांना हे हाताने करून दाखवावं, पाना धरायला शिकवायच्याही आधी.

ती काळी नळी मी बोटभर लांबीचे तुकडे करून टाकून दिली. मी बारा हातपंप आणून ठेवले आहेत. अक्कलकोट रस्ता, अशोक चौक, भवानी पेठ, कुठल्याही गॅरेजमधला शिकाऊ पोरगा आला तर एक पंप फुकट देईन आणि वापरून दाखवीन. रविवारी सकाळी दहा ते एक मी दुसरं काम धरत नाही, त्या वेळात या. भाचा आता परत येतो गॅरेजात. पंप कसा चालवायचा ते तोच दाखवतो.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक,
अक्कलकोट रोड, सोलापूर